लिफ्टचं बटण

वसंता गेल्याचा फोन आला तेव्हा घाटकोपरच्या माझ्या भंगाराच्या दुकानात मी तांब्याच्या तारेवरून एका गिऱ्हाइकाशी भांडत होतो. वहिनी एवढंच म्हणाल्या, "भावोजी, हे गेले..." खोटं कशाला सांगू, मला आधी रागच आला. आठ महिने आमचं बोलणं बंद होतं. माफी कोणी मागायची ते ठरायच्या आधीच हा निघून गेला. भांडण अर्ध्यावर सोडायची त्याची खोड शाळेपासूनची.

आम्ही एकाच चाळीतले, एकाच वर्गातले. मी आठवीत शाळा सोडून हातगाडी धरली, तो शिकून एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक झाला. निवृत्त झाल्यावर त्याला एकच वेड लागलं, सांडपाण्यापासून वीज! "दिन्या, गटाराच्या गाळात जिवाणू असतात रे. ते घाण खातात आणि खाता खाता वीज सोडतात. आपण फक्त ती धरायची." टॉर्चच्या बाद सेलमधल्या कार्बनच्या कांड्या मीच त्याला पिशवीभर दिल्या. मुलुंडच्या त्याच्या गॅलरीत चार बरण्या, त्यांत सोसायटीच्या टाकीतला काळा गाळ, गाळात माझ्या कांड्या. गाळाला तो रोज तांदूळ धुतलेलं पाणी पाजायचा. "पोरं जेवली का?" म्हणून वहिनी चिडवायच्या. पहिल्यांदा दिवा लुकलुकला तेव्हा त्याने मला दुकानातून ओढत नेलं. काजव्याएवढा उजेड, पण मी टाळ्या वाजवल्या.

मग मी माझं डोकं चालवलं. महिनाभर मागे लागून एका बिल्डरला गॅलरीत आणला. टॉवरच्या सांडपाण्यावर टॉवरचीच वीज, असं त्याच्या गळी उतरवलं होतं. त्याने बरण्या निरखल्या आणि विचारलं, "याच्यावर लिफ्ट चालेल?"

"हळूहळू चालेल की" हे माझ्या ओठांवर होतं, तेवढ्यात वसंता म्हणाला, "लिफ्ट? लिफ्टचं बटण पेटेल."

बिल्डर हसत हसत गेला. मी जिन्यातच ओरडलो, "वाट लावलीस माझी! गप्प बसला असतास तर जीव गेला असता तुझा?"

"तू पितळेला सोनं म्हणून विकतोस का रे?"

"वेळ आली तर विकतो," मी म्हणालो. दुकानाची पायरी चढू नकोस असं बजावून निघालो, तो थेट त्याच्या दहाव्यालाच पुन्हा त्या घरात शिरलो.

वहिनींनी गॅलरीत नेलं. बरण्या जागच्या जागी होत्या. तारांच्या टोकाला मात्र जुन्या लिफ्टचं बटण होतं, वर जाणाऱ्या बाणाचं. बाणामागे लाल ठिपका लुकलुकत होता... विझायचा, थांबायचा, पुन्हा पेटायचा. कडेचा टवका बघून मी ओळखलं, बटण माझ्याच ढिगातलं.

"तुम्ही गोदामात गेला होतात तेव्हा तुमच्या दुकानातून आणलं त्यांनी," वहिनी म्हणाल्या. "रोज म्हणायचे, उद्या दिन्याला फोन करतो, बघायला बोलावतो."

उद्या... मीही रोज तेच म्हणत होतो. तरी राग गेलेला नाही. एक फोन करायला काय झालं होतं लेका?

बरण्या आता माझ्या दुकानात आहेत, वजनकाट्याशेजारी. तांदूळ धुतलेलं पाणी सकाळी घरून बाटलीत भरून आणतो. परवा एका गिऱ्हाइकाने विचारलं, "शेठ, याच्यावर काय काय चालतं?" आपला माल कमी करून सांगायची सवय मला जन्मात नाही. जीभ वळवळली... बाण पेटला, विझला.

"लिफ्टचं बटण," मी म्हणालो.