तुटफुटीचा रकाना

मार्च १९९७, गुरुवार. रक्कम सहाशे चाळीस रुपये. हजर तिघे: आळेफाट्यावरच्या एका हॉटेलचे मालक, संध्याकाळी तिथले हिशेब लिहिणारा मी, आणि पायाच्या अंगठ्याला प्लास्टर घातलेला तो वेटर. फळीवरून काढताना लोणच्याची चिनीमातीची बरणी त्याच्या पायावर पडली होती. डॉक्टरांचं बिल त्यानं गल्ल्यावर ठेवलं आणि नेहमीचं वाक्य बोलला, "माल वाचला नव्हं, मग झालं."

तो गेल्यावर मालक म्हणाले, "वर्षात तिसऱ्यांदा. वरनं पडलेलं सगळं ह्याच्याच पायावर कसं येतं, राव? तुमी नीट बघा. नाटक असंल तर बिलबी नाय आन् कामबी नाय."

तुम्हालाही शंका आली असती. निमगाव सावाकडच्या मेंढरं पाळणाऱ्या घरातला हा उंच गडी. एका हाताच्या बोटांत चहाचे सहा ग्लास धरून "सरका पावणं" म्हणत गर्दीतून निघायचा. अशा हातातून बरणी निसटते?

शनिवारी तो लंगडत टेबल पुसत होता. मी कोपरानं स्टीलचा तांब्या हळूच ढकलला. त्यानं पाय चटकन मागं घेतला. हे नाटकच, अशी माझी खात्री पटली. मालकांना सांगायला उठलो, तर बाहीचा धक्का लागून माझाच चहाचा ग्लास टेबलावरून गेला. हे मात्र मुद्दाम नव्हतं. त्याचा प्लास्टरचा पाय पुढं आला. ग्लास अंगठ्यावर आपटून फरशीवर घरंगळला. फुटला नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अरे, तांब्याला पाय मागं घेतोस आणि ग्लासाला पुढं?"

"तांब्या फुटत न्हाई, भाऊ. गिलास फुटला की तुमी लिवता."

फुटेल त्याचे पैसे पगारातून कापायचे, हा नियम मालकांचा; वहीतलं अक्षर माझं. याआधी त्याच्या पायावर पडलेली सरबताची बाटली आणि दह्याचं मडकं, दोन्ही शाबूत होती.

मी मालकांना सगळं सांगितलं. त्यांनी सहाशे चाळीस रुपये डॉक्टरांकडं परस्पर पाठवले, त्याच्या हातात दिले नाहीत. घरी बसला त्या दिवसांचा पगार कापलाच. पुढच्या महिन्यात तो आला नाही. भावाबरोबर मेंढरांमागं गेला, असं कळलं.

तीन वर्षांत त्याच्या नावावर तुटफुटीचे एकशे शहाऐंशी रुपये मी लिहिले होते. मालक ते देईनात. मी घरखर्चातून काढले आणि निमगाव सावाला जाऊन त्याच्या बायकोच्या हातात ठेवले. तिनं दोनदा मोजले.

"ह्यातनं किती कापून दिलं, भाऊ?" तिनं विचारलं.