हिंगाची डबी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. शालनला सांगितलं असतं — पण ती असती तर हे घडलंच नसतं.

मी सातवी शिकलेला. मिरजेत सायकलींचं दुकान होतं. म्हातारपणी आम्ही दोघं नवराबायको मुलाकडे आलो, आयर्लंडात, पोर्टलीशला. नात सई पोहायची. म्हणजे कशी? आयर्लंडची हिरवी टोपी घालून दोनदा परदेशात पोहून आलेली, ज्युनियरमध्ये. पहाटे तिला उठवून हातात खजुराचा लाडू कोंबायची ती शालन. मी घोरत पडलेला असायचो.

वीस साली, करोनाच्या दिवसांत, शालन गेली. दवाखान्यात मला आत घेतलं नाही. तेव्हापासून मी कडू झालो — हे कारण म्हणून सांगत नाही, नुसतं सांगतो.

दुसऱ्या वर्षी तिचं वर्षश्राद्ध आणि सईची डब्लिनची निवडस्पर्धा एकाच दिवशी आली. त्यातूनच मोठ्यांच्या संघात घेणार होते. मी म्हणालो, "आजीच्या दिवशी पाण्यात उड्या मारणार?"

"आप्पा, श्राद्ध रविवारी करू," मुलगा म्हणाला. "आईनं तर तिला ढकलून पाठवलं असतं."

खरं होतं. म्हणूनच झोंबलं.

आदल्या दिवशी दुपारी मी म्हणालो — मला वास येत नाही.

तेव्हा काय होतं आठवतं ना? घरात एकाला तसं झालं की तपासणीचा निकाल येईपर्यंत सगळ्यांनी घरात बसायचं. सई मास्क लावून हिंगाची डबी घेऊन धावत आली. नाकाखाली धरली. "आजोबा, एनिथिंग? जरासा?"

नाकात झणझणलं. मी मान हलवली — नाही.

तिनं झाकण लावलं. परत उघडून धरलं. मी परत नाही म्हणालो. कळतंय का तुम्हाला? दोनदा.

आणि श्राद्ध? मला वरच्या खोलीत कोंडलेलं. खाली मुलानं फोनवर भटजी लावून उरकलं. मी नुसते मंत्र ऐकले. दाराबाहेर ताट ठेवून सई म्हणाली, "इट्स ग्रँड, आजोबा, काही बिघडलं नाही. तुम्ही बरे व्हा."

दोन दिवसांनी निकाल आला. मला काहीच नव्हतं. शर्यत होऊन गेली होती.

पुढच्या खेपेला तिची वेळ थोडक्यात कमी पडली. मग तिनं पोहणंच सोडलं. माझ्यामुळे? तिनं कधी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

आता ती फोडणी देताना खालून हाक मारते, "आजोबा, वास येतोय ना?"

मी हो म्हणतो.

पूर्वी ती पोहून आली की तिच्या ओल्या केसांना तलावाच्या औषधाचा वास यायचा, जिना चढून माझ्या खोलीपर्यंत. तो येत नाही.