बोडीच्या कागदावरचा अंगठा

शाईचं पॅड दिसलं की ती घटना डोळ्यांपुढे उभी राहते. निवृत्त होऊन मला बरीच वर्षं झाली. खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले पुष्कळसे आता विसरलोही. हा गुन्हा मात्र साधा, एका बनावट कागदाचा होता आणि नेमका तोच विसरता येत नाही.

मी तेव्हा गोंदिया जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ठाणेदार होतो. तालुका धानाचा. गुन्हे म्हणाल तर बांधाची भांडणं, मोहाची दारू आणि आठवडी बाजारातून उचललेल्या मोटारसायकली. त्या काळात आमच्या भागातून तेलाची पाइपलाइन जायची होती. असल्या कामाआधी पर्यावरणाचा अहवाल लागतो, जनसुनावणी घ्यावी लागते, एवढं मला बंदोबस्तामुळे माहीत होतं. सुनावणीला मी स्वतः मंडपाबाहेर खुर्ची टाकून बसलो होतो. कार्यक्रम अर्ध्या तासात उरकला. कोणी भांडलं नाही, लाठी उचलावी लागली नाही, म्हणून मी खूश होतो.

पुढे काही महिन्यांनी एक म्हातारे गृहस्थ ठाण्यात आले. सत्तरी ओलांडलेले, पांढरा सदरा, खिशाला पेन. हातात कागदांची पिशवी. म्हणणं असं, की पाइपलाइन त्यांच्या बोडीच्या पाळीतून, म्हणजे काठच्या बांधातून, जाणार आहे. बोडी म्हणजे शेतातलं छोटं तळं, वाडवडिलांनी खोदलेलं. आमच्याकडे धान पिकतं ते या बोड्यांच्या जिवावर. तेल झिरपलं तर पाणी गेलं, मासळी गेली, खालची बारा घरांची शेतं गेली. म्हणून त्यांनी नागपूरला कोर्टात याचिका टाकली होती. तिथे कंपनीच्या वकिलाने एक कागद पुढे केला. जमीनमालकांचं ना हरकत पत्र. 'आमच्या हद्दीत पाइपलाइनच्या मार्गावर तलाव नाही, आमची हरकत नाही.' खाली अंगठ्यांची रांग आणि त्यात या म्हाताऱ्यांच्या नावापुढेही एक अंगठा.

"तो अंगठा माया नोहे, साहेब," ते म्हणाले.

खरं सांगायचं तर मी तेव्हा लक्ष दिलं नाही. माणसं कागदावर अंगठा देतात आणि मागाहून पलटतात, हे मी शंभर वेळा पाहिलं होतं. तक्रार लिहून घ्या, असं हवालदाराला सांगून मी चहा मागवला. हवालदाराने लिहून झाल्यावर सवयीने पॅड पुढे सरकवलं. "लावा बाबा अंगठा."

म्हाताऱ्यांनी ते पॅड दोन बोटांनी बाजूला केलं. आवाज चढवला नाही. "कायले ठेवता हे पुढं? मायबापाने धम्मदीक्षा घेतली त्या दिसापासून आमच्या घरी कोनी अंगठा नाही लावला. बाप पन्नाशीत सही शिकला. मले सही येते."

त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि आपलं संपूर्ण नाव लिहिलं, एकेक अक्षर सुटं, वरची रेघ शेवटी, पट्टी लावल्यागत सरळ. हवालदार खजील झाला. मी जास्त झालो, कारण माझ्या ठाण्यात पॅड आधी आणि पेन नंतर, ही पद्धत माझीच होती. मी त्यांचे जुने कागद मागितले. सोसायटीचा अर्ज, शाळेच्या समितीचं रजिस्टर, सातबाऱ्याच्या नकलेची मागणी. तीस वर्षांचे कागद, सगळीकडे तीच सही. मग मी गुन्हा दाखल करून घेतला.

खबर लागली ती बाजारात. वही-पेन विकणाऱ्या दुकानदाराने आमच्या हवालदाराला सहज सांगितलं, की सुनावणीच्या आदल्या दिवशी कंपनीसाठी जमिनीचे कागद गोळा करणारा दलाल त्याच्याकडून दोन पॅड घेऊन गेला होता. दलाल गोंदियाचा. दुसऱ्या दिवशी तो माझ्यासमोर बसलेला होता. इस्त्रीचे कपडे, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा. त्याला आधी तो थुंकून यायला लावलं.

"साब, झूठ क्या है उसमें?" तो म्हणाला. "कागज पे लिखा है तालाब नहीं है. तालाब है ही नहीं, वो तो बोडी है. मैंने गांव में पूछा, तालाब है क्या? सब बोले, नहीं."

हे मात्र खरं होतं. गावात तलाव कोणता म्हणून विचारलं तर लोक नाहीच म्हणणार. तलाव म्हणजे मोठा, मालगुजारांच्या काळातला. बोडीला बोडीच म्हणतात. त्या एका शब्दावर अहवालातून बोडी पुसली गेली होती. मी म्हटलं, "शब्दाचं कोर्टात पाहू. अंगठ्याचं बोल."

दोन तास तो इकडचं तिकडचं बोलला. मी मारहाण करणारा अधिकारी नव्हतो. मी फक्त तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचो, माणूस कंटाळायचा. शेवटी तो वैतागला. "बूढ़े का अंगूठा मैंने नहीं लगाया, साब. उसके घर वाले ने लगाया. लड़के ने."

मला तो क्षण नीट आठवतो, कारण माझ्या हातातला चहा निवत होता आणि तो प्यावासा वाटेना.

मुलगा पस्तिशीचा, बारावी शिकलेला, दोन लेकरांचा बाप. बोलावताच आला. खुर्चीत बसायच्या आत रडायला लागला. पाइपलाइनवर पक्की चौकीदारी देतो, असं दलालाने सांगितलं होतं. बाप सही देणार नाही, हे त्याला माहीत होतं.

"मग सहीच खोटी करायची होतीस," मी म्हटलं. "बारावी झालास. अंगठा काऊन लावलास?"

"बाची सही खोटी कराची हिंमत नाही झाली, साहेब. लहानपनापासून पाहून राहिलो तिले. मनून अंगठा लावला. वाटलं, अंगठ्याले काय, कोनाचाही रायते."

त्याच वेळी म्हातारे तपासाचं विचारायला ठाण्यात आले. मी त्यांना आत घेतलं आणि सगळं सांगितलं. ते मुलाकडे बघत राहिले.

"सही खोटी केली असती तं येवढं वाईट नोहतं वाटलं मले," एवढंच ते त्याला म्हणाले.

मग मी असं काही केलं जे ठाणेदाराने करू नये. मुलाला उठवून बाहेर पाठवलं आणि म्हाताऱ्यांना म्हटलं, "बाबा, दलालावर गुन्हा राहू द्या. मुलाचं नाव मी काढतो. कागदावर कसंतरी जुळवून घेतो."

ते हसले, फार थोडं. "मंग अंगठा कोनाचा मनून सांगसान कोर्टाले? माया नोहे मनून म्या सांगतलं, कोनी मानलं नाही. तो पोराचा आहे मनल्याबिगर तो कागद खोटा ठरत नाही. अन् कागद खोटा ठरल्याबिगर बोडी वाचत नाही. लिवा, साहेब. पोराचं नाव लिवा."

तपासासाठी मुलाच्या बोटांचे नमुने नागपूरला पाठवायचे होते. हवालदाराने त्याचं एकेक बोट शाईत बुडवून कागदावर टेकवलं. म्हातारे समोर बसले होते. त्यांना बाहेर जायला सांगितलं, ते गेले नाहीत. दहाही बोटं झाल्यावर ते उठले, खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि मुलाचा अंगठा पुसू लागले. ती शाई अशी पुसून जात नाही. तरी ते पुसत राहिले. मला तिथे उभं राहवेना.

अहवाल आला, अंगठा मुलाचाच निघाला. कोर्टाने जनसुनावणी पुन्हा घ्यायला लावली. या वेळी ती दिवसभर चालली. अहवालात 'बोडी' हा शब्द आला आणि मार्ग पाळीपासून दूर वळवला गेला. खटला मात्र वर्षानुवर्षं चालला. प्रत्येक तारखेला म्हातारे मुलाबरोबर आरोपींच्या बाकाजवळ डबा घेऊन बसलेले असत. निकाल लागायच्या आधीच ते गेले. माझी तेव्हा बदली झाली होती, मला उशिरा कळलं.

या गुन्ह्याने मला शिकवलं ते पोलीस प्रशिक्षणात नव्हतं. दलालाने, मुलाने आणि मी, तिघांनीही एकच गृहीत धरलं होतं: खेड्यातला म्हातारा म्हणजे अंगठा. त्या दोघांवर खटला झाला. मला कोणी विचारलंही नाही. त्यानंतर नोकरीत असेपर्यंत माझ्या ठाण्यात माणसाला पॅडआधी पेन दिलं गेलं. त्याने माझं ओझं काही उतरलं नाही.

निवृत्तीनंतर एकदा आमगावला एका लग्नाला गेलो होतो. परतताना मुद्दाम वाट वाकडी केली. मुलगा बोडीच्या पाळीवर गवत कापत होता. ओळखलं त्याने. पाणी दिलं. बापाच्या शेवटच्या दिवसांबद्दल मी विचारलं.

"दवाखान्यात कागदावर बाचा अंगठा मांगत होते," तो म्हणाला. "बाले पेन धरता येत नोहता. हात कापून राहिला होता. म्या मनलं, थांबा. अंगठा नाही भेटनार. बोटाले पेन बांधून देल्ला फडक्याने."

"मग?"

"दोन अक्षरं झाली, साहेब. तिसरं नाही झालं."