लोरेटाचे स्टिअरिंगवरचे हात

गाडी सुरू करण्यापूर्वी लोरेटा लायसन्स, रजिस्ट्रेशन आणि इन्शुरन्सचा कागद डॅशबोर्डवर ओळीने मांडायची, पूजेची तयारी करावी तितक्या निगुतीने. मग दोन्ही हात स्टिअरिंगवर. पार्सिपनी गावातल्या आमच्या ऑफिसात ती रिसेप्शनवर होती. मला गाडी चालवता येत नव्हती, म्हणून जाता-येता मी तिच्या शेजारी बसायची.

"रोज कशाला हा सोहळा?" मी एकदा विचारलं.

"हनी, पोलिसासमोर पर्समध्ये हात घालणं ही चैन आहे. काळ्या बाईला परवडत नाही."

मला ते जरा अतीच वाटायचं.

एका संध्याकाळी मागचा दिवा बंद म्हणून पोलिसाने आम्हाला थांबवलं. कागद समोरच होते, तरी त्याने तिला खाली उतरवलं. "ऑफिसर, मी काय केलं?" तिने दोनदा विचारलं, तेही फोनवर बोलायची त्याच मवाळ आवाजात. दुसऱ्यांदा विचारताच बेड्या. आरोप काय, तर हात झटकून कामात अडथळा आणला. तिने हात झटकला नव्हता. मीही उतरून दोन फुटांवर उभी होते. मला मात्र त्याने अदबीने विचारलं, "मॅम, घरी सोडू का?"

दुसऱ्या दिवशी ती सुटून आली. म्हणाली, "जे पाहिलंस तेवढंच जज्जला सांग. एक शब्द जास्त नको." मी हो म्हटलं.

घरी नवरा म्हणाला, "अगं, ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये आहे यार! कोर्टाबिर्टाचं कॅन्सल कर."

मी कॅन्सल केलं. भित्री होते, दुसरं कारण नाही. वर तिच्या घरी बेसनाचे लाडू नेऊन दिले.

साक्षीदार नाही म्हटल्यावर वकिलाने तिला गुन्हा कबूल करायला लावला. तुरुंग टळला, पण नावापुढे गुन्हा लागला आणि नोकरी गेली. शेवटच्या दिवशी तिने माझा डबा परत आणला. आपल्याकडे डबा रिकामा देत नाहीत, असं मीच तिला कधीतरी सांगितलं होतं. आत चार कुकीज होत्या.

"लाडू छान होते, हनी. पण जज्जसमोर तू हवी होतीस."

मग ती बहिणीकडे अटलांटाला निघून गेली. पुन्हा भेट नाही.

आता मी इथली नागरिक आहे, गाडीही चालवते. गेल्या महिन्यात माझा मागचा दिवा गेला आणि पोलिसाने थांबवलं. लायसन्स सापडेना. मी अख्खी पर्स मांडीवर पालथी केली, पुन्हा पुन्हा आत हात घातला. तो खिडकीशी वाकून हसला.

"टेक युअर टाइम, मॅम."