फीबीला कोणता शब्द

रतनबाई नगरच्या छापखान्यात छापील कागदांना घड्या घालायची आणि मी अक्षरांचे खिळे जुळवायचो. साल १९४४. तिची घडी कोपऱ्याला कोपरा लावून असे. उरलेला वेळ ती आमच्या ख्रिस्ती मंडळीला द्यायची. बेलापूरकडे पटकी आली तेव्हा सहा आठवडे तिथं राहून तिनं रोग्यांची अंगं पुसली, मेलेल्यांना माती दिली. मंडळीचा कारभार पाहणारे पाचही डीकन तेव्हा नगरातच होते.

पुढं त्यांतला एक वारला. रतनबाईनं त्या जागेसाठी स्वतःचं नाव दिलं. पाळक आप्पासाहेब म्हणाले, "शास्त्रात बाई डीकन नाही."

त्याच सुमारास त्यांची बायबलच्या धड्यांची पुस्तिका आमच्याकडे छपाईला आली. त्यांना ग्रीक येत असे. मूळ शब्द देऊन पुढं त्यांनी अर्थ लिहिला होता. पुरुषांच्या नावांपुढं दियाकोनोस, अर्थ डीकन. फीबी नावाच्या बाईपुढंही दियाकोनोस, पण अर्थ सेविका. मला वाटलं, लिहिताना चूक झाली. मी 'डीकन' जुळवलं, प्रूफ रतनबाईला वाचून दाखवलं आणि पाळकांनी तिथं 'सेविका' लिहिलं होतं तेही सांगितलं. ती ते घेऊन आप्पासाहेबांकडे निघाली. मीही गेलो.

"पाळकसाहेब, मूळ शबुद एकच हाय ना?"

"एकच."

"मग अर्थ दोन कसे?"

"पुरुषाला तो हुद्दा, रतनबाई. बाईला ते काम."

"काम मी करते तर हुद्दा कुनाचा?"

"तू वकीलच व्हायचीस," ते हसून म्हणाले आणि लाल पेन्सिलीनं 'डीकन' खोडून 'सेविका' लिहिलं.

परत येऊन मी चिमट्यानं खिळे उपसले, दुसरे बसवले. पाच मिनिटं लागली नाहीत. नाही म्हणता आलं असतं. म्हटलं नाही.

हजार प्रतींच्या घड्या रतनबाईनंच घातल्या. एकही वाकडी नव्हती.

डीकन पुंजाराम झाला. पटकीच्या गावाची वेससुद्धा त्यानं पाहिली नव्हती. महिन्यानं आप्पासाहेबांनी उपासनेत रतनबाईला 'मंडळीची सेविका' म्हणून जाहीर केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सोमवारी तिच्या हाती मंडळीच्या देवळाची किल्ली आणि केरसुणी आली. तिनं दोन्ही घेतली आणि अकरा वर्षं देऊळ झाडलं.

पण प्रभुभोजनाच्या दिवशी येशूच्या आठवणीची भाकर डीकनच वाटायचे. पुंजाराम तबक घेऊन तिच्या रांगेकडे वळला की ती उठून बाहेर जायची. का, ते तिला कोणीही विचारलं नाही.