फलाटबाईंचा जाड पडदा

आपली नोकरी दुसऱ्या कुणी घालवली, तर निदान त्याच्या नावाने बोटं मोडता येतात. फलाटबाईंना तेवढीही सोय नव्हती. त्यांची नोकरी त्यांच्याच आवाजाने घालवली होती.

बावीस वर्षं बाई बसस्थानकावरच्या काचेच्या खोलीत बसून गाड्या पुकारत होत्या. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली रखडली, कुणाची पिशवी चौकशीच्या खिडकीपाशी सापडली, सगळं त्यांच्या तोंडून जगाला कळायचं. म्हणून गल्लीत त्यांचं नाव फलाटबाई. मग एके दिवशी स्थानकप्रमुखांनी त्यांना बोलावून सांगितलं, की तुमचा आवाज फार चांगला आहे, तो जपून ठेवायला हवा. बाई हुरळल्या. आठवडाभर बंद खोलीत बसून त्यांनी सगळ्या गावांची नावं, सगळे आकडे, 'लागली आहे' आणि 'सुटत आहे' असं स्वच्छ शब्दांत यंत्रात भरून दिलं. घसा बसू नये म्हणून वर पदरची खडीसाखर खाल्ली. थोड्याच दिवसांत यंत्र बोलायला लागलं आणि बाईंना पुष्पगुच्छ देऊन घरी पाठवण्यात आलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, आता शिव्या तरी कुणाला देणार, असं सासूबाई म्हणाल्या आणि पुष्पगुच्छ पाण्यात ठेवायला गेल्या.

घर स्थानकाच्या पाठीमागेच होतं. इतके दिवस ती सोय होती, आता शिक्षा झाली. सकाळी डोळा उघडतो न उघडतो तोच खिडकीतून त्यांचाच आवाज प्रवाशांना लक्ष द्यायला सांगत घरात शिरायचा. इकडे बाई भाजी चिरतायत आणि तिकडे बाईच गाडी पुकारतायत. तिकडच्या बाईला सर्दी होत नव्हती, रजा लागत नव्हती, कधी शिंकही येत नव्हती. सवतीचा आला नसता एवढा राग त्यांना तिचा यायचा. एक दिवस त्यांनी खिडकी धाडकन लावून घेतली. दिवस भर उन्हाळ्याचे. नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला होता, त्यामुळे तो सकाळीच सुटायचा, पण घरात सासूबाई उकडून निघाल्या. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. खिडकी उघड आणि चांगला जाड पडदा लाव, वारा खालून येईल आणि ती बया बाहेर राहील.

विकतचा पडदा आता परवडणारा नव्हता. बाईंनी माळ्यावरचं गाठोडं खाली ओढलं. विरलेल्या चादरी, नवऱ्याच्या गुडघ्यात गेलेल्या विजारी, दोन टॉवेल आणि कामावरचा निळा कोट, असे थरावर थर ठेवून त्या टाके घालायला बसल्या. शाळेतल्या शिवणाच्या तासानंतर त्यांनी सुई हातात धरलेली नव्हती. पहिली ओळ पाहून सासूबाईंनी विचारलं, की हे शिवण आहे की नदीचा नकाशा. पण बाई हटल्या नाहीत. सुई कापडाला कमी आणि त्या बोलक्या यंत्राला जास्त टोचत होत्या. पडदा असा काही भरभक्कम झाला, की लावल्या लावल्या दांडी भिंतीतून उपटून खाली आली. नवऱ्याने मुकाट्याने दुसरी ठोकली. तो मुळातच कमी बोलणारा, त्यात बायको घसा राखायला घरी तोंड मिटून बसणारी, त्यामुळे त्या घरात इतकी वर्षं भांडीच काय ती वाजायची.

आवाज काही थांबला नाही. तो फक्त डोक्यावरून पांघरूण घेतल्यासारखा यायला लागला. पण तोवर बाईंच्या हाताला चटक लागली होती.

मग काय, घरात जे थांबलं ते शिवलं गेलं. उन्हाळ्यात पाण्याच्या बाटल्यांना ओल्या कापडाचे अंगरखे चढले. पावसाळ्यात गल्लीतल्या मोडक्या छत्र्या गोळा झाल्या आणि त्यांच्या पिशव्या निघाल्या. साबणाचे उरलेले तुकडे दाबून बाईंनी एक वडी केली, एका अंगाने हिरवी आणि दुसऱ्या अंगाने गुलाबी. नवरा अंघोळ करून आला की कुठला वास घेऊन येईल याचा नेम नसे. त्यानेही एक सवय लावून घेतली. विजार खुंटीला लावताना तो मोठ्याने सांगायचा, की ही अजून चालू आहे. लग्नानंतर तो इतकं नियमित काही बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. आहे त्यात भागत होतं, कोंड्याचा मांडा होत होता, आणि दुसऱ्यांना जुनं फेकू नका म्हणून सांगायला बाई शेजारीपाजारी जाऊ लागल्या होत्या.

थंडी जवळ आली तशा सासूबाईंनी विणायच्या सुया बाहेर काढल्या. सासऱ्यांचा जुना स्वेटर दोघींनी मिळून उसवला. बाई दोन्ही हात पुढे धरून बसायच्या आणि सासूबाई त्यांच्यावर लोकर गुंडाळता गुंडाळता सांगत राहायच्या. लहानपणी झाडावरून कशा पडल्या, सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी दूध कसं उतू घालवलं. इतक्या वर्षांत बाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांना बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याची चोरीही वाटत होती. कारण मनात त्यांनी वेगळंच ठरवलं होतं. कधी ना कधी यंत्र बंद पडेल, स्थानकप्रमुख साहेब आपल्या पायांनी जिना चढून येतील, आणि आपण ताठ मानेने परत त्या खुर्चीत बसू. त्या दिवसासाठी कामावरचे बूट त्या दर रविवारी पॉलिश करून ठेवत होत्या.

आणि साहेब खरंच आले. यंत्र कालपासून मुकं झालंय, दुरुस्तीला वेळ लागेल, स्थानकावर नुसता गोंधळ आहे, असं सांगून ते म्हणाले, की आता चला आणि कायमच्याच या. बाई खिडकीकडे बघत राहिल्या. काल दिवसभर त्या पडद्याशेजारी बसून विणत होत्या, आणि आपला आवाज बंद पडलाय हे त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं. ऐकायचं राहिलंच होतं.

त्यांनी बूट चढवले आणि विणकाम छत्रीच्या पिशवीत टाकलं. सासूबाई जा म्हणाल्या नाहीत की नको म्हणाल्या नाहीत. बाहीच्या काठाला एक सुलट, एक उलट घालायचं, एवढंच सांगून त्या आत वळल्या.

खुर्ची तीच होती. बाईंनी गाड्या पुकारल्या, पण बाहेर कुणी मान वर केली नाही. लोकांना वाटलं, यंत्र नीट झालं. बाईंचं तोंड एवढंसं झालं. दोन गाड्यांच्या मध्ये वेळ होता म्हणून त्यांनी लोकर काढली. जुन्या माइकचं बटण हात काढला की बंद व्हायचं, नवा एकदा लावला की चालूच राहायचा, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे अख्ख्या स्थानकाने ऐकलं, "दोन सुलट, एक उलट. दोन सुलट, एक उलट. मेला, टाका सुटला." आता मात्र सगळ्या माना वर झाल्या.

तेवढ्यात साहेब चहा घेऊन आले आणि मग उद्यापासून नक्की ना, असं त्यांनी विचारलं. बाईंनी विणकाम मांडीवर ठेवलं.

"यंत्र नीट होईपर्यंत रोज येते, साहेब. पुढे नको. इतकी वर्षं मी दुनियेला घरी जायची गाडी सांगितली आणि स्वतः घरी जाऊन गप्प बसले. आमच्या आईंचं ऐकायचं केवढं राहिलंय. यांचा एक शब्द ऐकायला मला त्यांच्या विजारी कापाव्या लागल्या. मला आता घरीच बरं वाटतं. खोटं कशाला सांगू?"

बाहेर चिडीचूप झालं होतं. साहेबांची नजर माइकच्या लाल दिव्यावर गेली आणि त्यांचा चहा बशीत सांडला. मग रांगेतून कुणीतरी ओरडलं, की बाई, तुमचं पटलं, पण आमची गाडी कुठल्या फलाटावर ते सांगा.

संध्याकाळी बाई जिना चढताना वाक्यं जुळवत होत्या. नोकरी चालून आली होती आणि आपण नको म्हणालो, हे घरात सांगायचं कसं? दार लोटलं तर घरात भरपूर उजेड होता. खिडकी सताड उघडी होती. तो जाडजूड पडदा दांडीवरून उतरवून, घडी घालून खाली ठेवला होता आणि त्याच्यावर सासूबाई बसल्या होत्या. नवरा दुकानातून लवकर आला होता. त्याने बाईंच्या हातात चहाचा कप दिला आणि अंगावरच्या विजारीकडे बोट दाखवून म्हणाला, "ही पण घे. गुडघ्यात गेलीच आहे."

सासूबाईंनी पिशवीतून बाही काढून खिडकीच्या उजेडात धरली.

"काठाला एक सुलट, एक उलट सांगितलं होतं. तू दुपारभर दोन सुलट, एक उलट म्हणत होतीस, सगळ्या गावाने ऐकलं. उसव ते, आणि इथे माझ्याजवळ बस."