वर धरलेली पाटी

"वर धर. आणखी वर. इथून दिसत नाही."

मी पाटी डोक्यावर धरली. दोन्ही हातांनी. मी शाळेच्या ओट्यावर, उंबऱ्याबाहेर उभा होतो. आत खुर्चीवर डिप्टीसाहेब बसले होते. वर्षातून एकदा शाळा तपासायला यायचे, ते. बाकीची पोरं एकेक करून टेबलाशी जात होती आणि पाट्या साहेबांच्या हातात देत होती. माझी पाटी कुणी हातात घेणार नव्हतं. आम्ही महार. लालबागच्या त्या शाळेत मला बसायला ओटा मिळाला होता, आणि एवढं मिळालं हेच पुष्कळ, असं मला जो तो ऐकवायचा.

साहेबांनी डोळे बारीक करून पाटी वाचली. "बावन्नातून सतरा गेले. किती राहिले?"

"पंचेचाळीस," मी म्हणालो. छाती काढून म्हणालो.

आत पोरं फिदीफिदी हसली. साहेबांनी पुढची वजाबाकी वाचली, तिच्या खालची वाचली. पाच होत्या, पाचही चूक. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. "याची पाटी रोज कोण तपासतं?"

"मीच तपासतो, साहेब. पण या जातीच्या डोक्यात वजाबाकी शिरत नाही."

साहेबांनी मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. पाटी खाली घे, असं मला कुणी सांगितलं नाही. मी ती तशीच धरून उभा. हात भरून आले, खांदे कापायला लागले. परीक्षा संपली, पोरं माझ्या बाजूनं अंग चोरून बाहेर पडली, तरी मी पाटी वर धरूनच उभा होतो.

नापास झालो म्हणून मी रडलो नाही. माझं चुकू शकतं, हेच मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

मास्तरांच्या टेबलावर पाण्याची वाटी असायची. पोरगा पाटी घेऊन गेला की मास्तर वाटीत बोट बुडवायचे, चुकलेला आकडा त्या ओल्या बोटानं पुसायचे आणि तिथं बरोबर आकडा घालायचे. त्या एका बोटानं पोरं शिकत होती. माझी पाळी आली की मी दारातून पाटी दाखवायचो. मास्तर खुर्चीवरून मान वर करायचे. "हं. ठीक. जा."

तीन वर्षं हेच. आधीच्या तपासण्यांत डिप्टीसाहेबांनीही ओट्याकडं पाहिलं नव्हतं. तीन वर्षांत माझ्या पाटीवरचा एक आकडा कुणी पुसला नाही. आणि मी मूर्ख, मला त्याचा अभिमान. सगळ्यांच्या पाट्यांवर ओले डाग, माझी पाटी कशी स्वच्छ! माझ्या आईनं वस्तीभर सांगितलं होतं, "माज्या पोराचं कदी चुकत न्हाई."

फळा दाराकडच्या भिंतीला होता. ओट्यावरून तो दिसत नसे, नुसता आवाज यायचा. "मोठ्यातून लहान काढा," मास्तर सांगायचे. मी तसंच करायचो. दोनातून सात जात नाहीत ना, मग सातातून दोन काढायचे. वरचा असो की खालचा, मोठ्यातून लहान. आत फळ्यावर शेजारच्या घरातून दहा उसने घेतले जात होते, ते मला ओट्यावर बसून कुठून दिसणार?

घरी आलो तेव्हा आई करी रोडच्या गिरणीतून यायची होती. खराब कापूस निवडायचं काम होतं तिचं. घरात धाकटी बहीण भागी, आठ वर्षांची. तिला शाळा नव्हती. तिची शाळा म्हणजे मी. मी ऐकून यायचो ते तिला शिकवायचो, आणि ती कोळशानं जमिनीवर लिहायची.

"पास झालास, दादा?"

मी पाटी चटईवर ठेवली. "चिंचोके आण," म्हणालो.

चिंचेचे दिवस होते, तिच्याकडे पिशवीभर चिंचोके होते. मी बावन्न मोजून घेतले. त्यातले सतरा बाजूला काढले. उरलेले मोजले. पस्तीस. परत मोजले. पस्तीस. तिसऱ्यांदा भागीनं मोजले, बोटानं एकेक सरकवत. पस्तीस.

पोरं का हसली ते मला तेव्हा कळलं. साहेब बरोबर होते, पोरं बरोबर होती. चूक तीन वर्षं माझ्या पाटीवर ढळढळीत बसली होती आणि मास्तरांनी ती पाहिलीसुद्धा नव्हती.

भागी मात्र गुडघ्यांवर बसून चटई उचलून बघत होती.

"काय करतेस?"

"धा हरवलं, दादा. तुजं उत्तर पंचेचाळीस हाय ना? मंग धा चिंचोकं कुटंतरी पडलं असतील."

ती चुलीमागं बघून आली. मडक्याखाली बघून आली. माझं चुकलं असेल, हे तिच्या मनातही आलं नाही. मी भिंतीला टेकून बसलो आणि तिला शोधू दिलं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. पाटीवर बावन्नातून सतरा, खाली पस्तीस. पण पाटी वर धरली नाही. उंबऱ्याशी उभा राहिलो आणि म्हणालो, "मास्तर, पाटी हातात घ्या."

मास्तरांनी मान वर केली.

"काय म्हणालास?"

"माझं कुठं चुकत होतं ते मला कळलंय. तुम्हाला तीन वर्षं कसं दिसलं नाही? हातात घेऊन बघा."

मास्तरांनी छडी फेकली. मला ते असंच मारायचे, लांबून फेकून. लागली की मी ती उंबऱ्यावर ठेवायची, आतल्या पोरानं तिच्यावर पाणी शिंपडायचं, मग ते परत उचलायचे. त्या दिवशी छडी कानाखाली लागली. रक्त आलं. मी छडी उचलली आणि हातातच धरून ठेवली.

"ही माझ्या अंगाला लागून तुमच्याकडं परत येते, ती चालते," मी म्हणालो. "पाटीच तेवढी चालत नाही?"

"तुझं नाव काढलं शाळेतून," मास्तर म्हणाले. "चालता हो."

मी छडी ओट्यावर टाकली आणि चालू लागलो. पाणी त्यांचं त्यांनी शिंपडावं.

इथवर मी हे पुष्कळांना सांगितलं आहे. लोक माझी पाठ थोपटतात. पुढचं मी कुणाला सांगत नाही.

घरी पोचलो तर भागी दारातच उभी. मूठ पुढं केली. "सापडलं, दादा. धाच्या धा."

मुठीत दहा चिंचोके होते. ओले. त्यांना चिंचेचा गर तसाच चिकटलेला. रस्त्यापलीकडच्या झाडाखाली जाऊन तिनं चिंचा वेचल्या होत्या, फोडल्या होत्या, आणि माझं उत्तर खरं करून ठेवलं होतं.

मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. सांगायला हवं होतं, भागे, हरवलं काही नाही, तुझा दादा चुकला. बस, आपण दोघं परत शिकू. पण कानाखालचं रक्त अजून वाळलं नव्हतं. शाळा गेली होती. सगळ्या मुंबईत एकच माणूस असं होतं की ज्याच्या लेखी मी चुकत नव्हतो, आणि ते माणूस मला गमवायचं नव्हतं.

मी तिच्या मुठीकडं पाहिलं आणि म्हणालो, "हं. ठीक."

मास्तरांचे शब्द. त्याच आवाजात.

पुढं सहा महिने ती कोळशानं वजाबाक्या करत राहिली. मोठ्यातून लहान. मला बोलवायची, "बग ना, दादा." मी उभ्या उभ्या बघायचो आणि ठीक म्हणायचो. उद्या सांगू, असं रोज ठरवायचो. पावसाळा सरला आणि गाठीचा ताप आला, प्लेग. भागीच्या काखेत गाठ आली. तिसऱ्या दिवशी ती गेली. सरकारी माणसं घर धुवायला आली, त्यांनी तिचं अंथरूण बाहेर ओढून पेटवलं. चिंचोक्यांची पिशवी उशाखालीच होती. तीही जळाली. तिनं आणलेले ते दहा चिंचोके तिच्यातच होते.

ती चूक घेऊनच गेली. मास्तरांनी मला दिलेली, मी तिला दिलेली. मास्तरांना मी जाब विचारला. मला विचारणारं कुणी नव्हतं. आजही एखादी मुलगी पाटी पुढं करते तेव्हा मी ती झटकन ओढून घेतो आणि पोरांना वाटतं, मास्तर रागावले.

हो, आता मीच मास्तर आहे. परळला पत्र्याच्या शेडमध्ये आमची शाळा आहे, गिरणीतल्या आणि झाडूवाल्यांच्या पोरांची. माझ्याजवळ पाण्याची वाटी आहे. पाटी मी मांडीवर घेतो. नुसतं उत्तर मी घेत नाही. बावन्नातून सतरा काढ म्हटलं की पोरानं चिंचोके मांडून काढून दाखवायचे, कसं केलं ते बोलायचं. कुठं अडलं ते मला तिथंच दिसतं. मग बोट ओलं करायचं. वेळ लागतो. धडे मागं राहतात.

गेल्या महिन्यात नवे डिप्टी आले. खुर्चीवर बसले. म्हणाले, "मुलांनो, पाट्या वर धरा. इथून दिसतील."

चाळीस पोरांनी पाट्या उचलल्या. मी म्हणालो, "खाली ठेवा."

पोरांनी ठेवल्या. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "मास्तर, मला आणखी दोन शाळा तपासायच्या आहेत."

"मग या शाळेच्या नावापुढं 'तपासली नाही' असं लिहा," मी म्हणालो. "लांबून बघून पास लिहू नका आणि नापासही लिहू नका."

ते वही मिटून गेले. काल त्यांचं पत्र आलं आहे. परवा परत येणार आहेत, आणि या वेळी मी आडवा आलो तर शाळेची सरकारी मदत बंद होईल. शाळेचे चालक सकाळी येऊन बसले होते. एक दिवस पाट्या वर धरल्यानं काय बिघडतं, असं ते विचारत होते. मी त्यांना चहा दिला.

साहेबांना येऊ दे. खुर्ची मी आजच शेजारी देऊन टाकली आहे. जमिनीवर चटई अंथरली आहे, चटईजवळ चिंचोके आणि पाण्याची वाटी ठेवली आहे. मदत जाईल तर जाऊ दे, पत्रे काढून नेतील तर झाडाखाली बसू. माझ्या शाळेत पाटी वर धरली जाणार नाही. ज्याला तपासायची असेल त्यानं खाली बसावं, पाटी हातात घ्यावी आणि बोट ओलं करावं.